हलत्या चित्राची विद्या

गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी गावी आलो होतो, तेव्हा एक गृहस्थ मला भेटायला आले. उमरग्याच्या अलीकडच्या एका गावचे. पिठाची गिरणी आणि थोडी कोरडवाहू जमीन एवढा त्यांचा प्रपंच. सोबत मुलगी होती. अकरावीची परीक्षा देऊन बारावीत चाललेली. पाणी झाले, चहा झाला, पावसाचे बोलून झाले आणि मग ते हळूच म्हणाले, "सर, ही दिवसभर चित्रं काढती. आता म्हणती, कार्टूनचं शिकायचंय. तेबी विद्यापीठात, चार वर्षं. हिकडं गावात क्लास हाय, सहा महिन्यांत शिकवतेत म्हणं. मग चार वर्षं कशाला पायजेत?"

मी ही विद्या शिकवण्यात पुष्कळ वर्षे घालवली. सभा-संमेलनांतून तिच्यावर बोललोही. पण इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते धड नव्हते. घाईघाईत काहीतरी 'दर्जा', 'संधी' असे शब्द वापरले, आणि ते गृहस्थ भलेपणाने मान डोलावत राहिले. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा सुचलेले उत्तर आहे असे समजा.

सहा महिन्यांत शिकवता येते ते काय? तर संगणकावरची अवजारे. कोणते बटण दाबले की रेघ उमटते, कोणते दाबले की रंग भरतो, दोन चित्रांच्या मधली चित्रे यंत्राकडून कशी करून घ्यायची, हे सहा महिन्यांत येते. हुशार पोराला तीन महिन्यांत येते. यात कमीपणा काही नाही. सुताराच्या पोराला आधी रंधा धरता आला पाहिजे. पण रंधा धरता आला म्हणजे पाळणा करता आला असे नव्हे, आणि अवजारे तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. मी ज्या अवजारावर शिकलो ते आज कोणी वापरत नाही.

माझी स्वतःचीच चूक सांगतो. शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मीही अवजारच शिकवले. हलत्या चित्राच्या शाळेत पहिला धडा चेंडूचा असतो. चेंडू वरून पडतो, जमिनीला टेकतो, किंचित चपटा होतो, पुन्हा उसळतो. वर असताना त्याची गती मंद, म्हणून तिथली चित्रे जवळजवळ. खाली येताना वेग वाढतो, म्हणून चित्रांतले अंतर वाढते. एवढे गणित कळले की चेंडू उसळायला लागतो. वर्गात वीस मुले होती. विसांचे वीस चेंडू पडद्यावर उसळले, आणि सगळे अगदी सारखे उसळले! मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, पण हा चेंडू कशाचा आहे?"

खरंच, कशाचा होता? रबराचा नाही, कापडाचा नाही, लाकडाचा नाही. तो संगणकाचा चेंडू होता. पुढच्या वर्षी मी वर्गात चेंडू आणलाच नाही. लिंबू आणले, कांदा आणला, भिजवलेल्या कणकेचा गोळा आणला आणि एक रिकामा तांब्या आणला. म्हटले, हे एकेक खाली टाका आणि बघा. लिंबू दोन उड्या मारून बाकाखाली पळते. कांदा वेडावाकडा जातो. कणकेचा गोळा पडतो तिथेच बसतो. आणि तांब्या? तांब्याची तऱ्हाच न्यारी. तो पडतो, आडवा होतो, मग काठावर गोल गोल फिरत राहतो, आणि थांबण्याच्या आधी त्याचे फिरणे उलट जलद होते. ते दोन सेकंदांचे फिरणे काढायला एका मुलीला आठ दिवस लागले. पण ज्या दिवशी ते पडद्यावर दिसले त्या दिवशी आवाज नसूनही सगळ्या वर्गाला तांब्याचा आवाज ऐकू आला.

चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. हाताने काढणारा प्रत्येक चित्र दोनदा वापरतो, म्हणून त्याला सेकंदाला बारा चित्रे लागतात. दहा मिनिटांच्या चित्रपटाला सात हजार दोनशे झाली. बारा चित्रांत एक सेकंद बसवायचा म्हणजे तो सेकंद आधी नीट पाहिलेला हवा. हे पाहणे शिकायला वेळ जातो. त्या गृहस्थांच्या चार वर्षांतली निम्मी वर्षे इथेच संपली.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र' काढण्याच्याही आधी, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण करून त्याची महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणात दाखवली. रोप हलत नाही असे आपण म्हणतो. ते हलते, फक्त आपल्याला थांबायला सवड नसते. पुढे त्यांनी आगकाड्यांना नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली. प्रभातने १९३४ साली 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपटांचा विभाग निघाला. डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तिथे तयार झाले. मात्र हे सगळे शिकणे कारखान्यातले होते, उस्तादाच्या हाताखालचे. विद्यापीठाच्या छपराखाली ही विद्या यायला बराच काळ जावा लागला.

मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. ते उभारण्यात सुधाकर नाडकर्णी यांचा वाटा मोठा, जे. जे. मध्ये शिकून जर्मनीत उल्मला जाऊन आलेला हा मराठी माणूस. तिथे आधी वस्तूंचा विचार सुरू झाला, मग चित्रसंवादाचा, आणि पुढे हलत्या चित्राचा नि संगणकाच्या पडद्याचाही. याच केंद्रात १९८३ पासून १९९६ पर्यंत र. कृ. जोशी शिकवत होते. त्यांच्याविषयी मात्र थोडे सावकाश बोलायला हवे. कारण आपल्यापैकी ज्यांनी संगणकावर मराठी वाचले आहे त्यांनी या माणसाच्या हातचे काम पाहिले आहे, नाव माहीत नसले तरी.

जोशी मूळ कोल्हापूरचे, १९३६ चा जन्म. जाहिरातीच्या धंद्यात नाव काढलेले, कविता लिहिणारे, आणि अक्षरावर जीव टाकणारे. शिकवणे सोडल्यावर ते जुहूच्या सरकारी संगणक-संस्थेत अक्षरांवर काम करू लागले. तिथे त्यांनी भारतीय लिपींचे जे टंक घडवले, त्यांतला 'मंगल' हा देवनागरी टंक विंडोज २००० बरोबर जगभर गेला. २००८ साली ते वारले.

आता कोणी म्हणेल, टंक घडवण्यात संशोधन ते काय? क ला क काढायचा! मग हे पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलावले' म्हणजे गुरुजी येणार, 'आचाऱ्यांना बोलावले' म्हणजे जेवण होणार. फरक एवढ्याशा आडव्या कोयरीचा. हा र हिंदीला लागत नाही. आपल्याला त्याच्यावाचून चालत नाही. संगणकात तो नीट बसला नाही तेव्हा वर्षानुवर्षे आपले आचारी आचार्य होत राहिले! तसाच आपला पाकळीचा ल आणि देठाचा श. २००९ साली सरकारला शासननिर्णय काढून सांगावे लागले की मराठीत ही अक्षरे अशीच काढायची. एका अक्षराचे वळण कुठे मोडायचे, रकार कुठे टेकवायचा, जोडाक्षर उभे रचायचे की आडवे, लहान पडद्यावर मात्रा किती जाड हवी म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल, हे प्रश्न कोणा परदेशी कारखान्याला आपण होऊन पडणार नाहीत. ते इथल्याच कोणाला तरी पडावे लागतात, आणि त्यांच्यामागे दहा-दहा वर्षे लागावे लागते. सहा महिन्यांच्या क्लासात ते होत नाही, कारण त्यात कोणाचा नफा नसतो.

त्याच केंद्रातली पुढची उदाहरणे फार लांबवत नाही. नीना सबनानी यांनी २००९ साली 'टांको बोले छे' हा लघुपट केला. कच्छच्या भरतकाम करणाऱ्या बाया आपल्या स्थलांतराची हकीकत सांगतात, आणि पडद्यावर त्यांच्या सुईदोऱ्याचीच चित्रे हलतात. शिल्पा रानडे यांनी 'गुपी गवैया बाघा बजैया' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तो २०१३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. शिकवता शिकवता केलेली ही कामे आहेत.

पण हे सारे मुंबईचे झाले. आपल्या जिल्ह्याचे काय? त्यासाठी मला माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगायची आहे. नाव सांगत नाही. तिला आवडणार नाही.

ती लोहारा तालुक्यातली, सास्तूरच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, माणसे थकून झोपलेली, आणि चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हलली. हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली; रस्ते चौकटीत आखले, आणि जमिनीच्या मानाने कोणाला अडीचशे, कोणाला साडेचारशे, कोणाला साडेसातशे चौरस फुटांचे घर मिळाले. माझी विद्यार्थिनी त्या नव्या गावात, भूकंपानंतर जन्मलेली. जुने गाव तिने पाहिलेच नाही. घरात जुन्या घराचा एकही फोटो नाही. जे काही असेल ते ढिगाऱ्यात गेले. पण आजी बोलायची ते जुन्या घराविषयीच. "आपल्या ढेळजंत", "आपल्या सोप्यात", असे वर्तमानकाळात.

एम. ए. च्या प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "सर, मला जुनं गाव काढायचंय."

मी तिला परावृत्त करायचा प्रयत्न केला, हे कबूल करतो. वाटले, पोर रडत बसेल आणि काम होणार नाही. ती ऐकेना. गावी गेली, आजीपुढे कागद ठेवला आणि म्हणाली, घर काढून दाखव. आजीच्या हाताला पेन्सिलीची सवय नाही, रेघ ओढवेना. शेवटी आजी उठली, सुपात ज्वारी घेऊन आली आणि फरशीवर दाणे मांडून तिने वाडा दाखवला. हा दरवाजा, ही ढेळज, इथे बैल, हे बळद, हा जिना. मुलीने दाण्यांच्या वाड्याचे वरून छायाचित्र घेतले. मग शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडून, एकमेकांचे न दाखवता, तीच गल्ली दाण्यांनी मांडून घेतली. तिघांचे जिथे जुळले तिथे तिने चित्रात भरीव रेघ काढली. जिथे जुळले नाही तिथे ठिपक्यांची रेघ, आत रंग नाही. ही युक्ती मी सांगितलेली नाही. मला सुचलीही नसती.

पहिली कच्ची चित्रे तिने आजीला दाखवली. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पातळ माळवद कुठलं गं? हातभर पांढरी माती असायची वर. दर पावसाळ्याच्या आधी नवी घालायची. जुनी कोण काढतंय?"

श्रोतेहो, हे वाक्य मुलीने जसेच्या तसे चित्रपटात ठेवले आहे. रुंद दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेले मातीचे जड छप्पर, हेच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. इंजिनियरांनी आपल्या अहवालांतून ते लिहिले आहे. आजीने अहवाल वाचलेला नाही. तिने फक्त चित्र दुरुस्त केले. पुढची वीस सेकंदे पडद्यावर काहीच घडत नाही. एका बाईच्या डोक्यावरची पाटी, पांढरी माती माळवदावर पडते, पसरते, वर्ष बदलते, पुन्हा पडते. थर वाढत जातो. खाली घरात दिवा लागतो, मूल झोपते, भाकरी होते. भूकंप तिने दाखवलाच नाही.

चार मिनिटांचा तो चित्रपट. जवळजवळ तीन हजार चित्रे, सात महिने. परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारले, "काम सुंदर आहे, पण याला संशोधन कसे म्हणायचे? पुरावा काय?" मुलगी जरा घाबरली. मग तिने दाण्यांची तिन्ही छायाचित्रे एकाशेजारी एक ठेवली आणि ठिपक्यांच्या रेघांचा अर्थ सांगितला. परीक्षक गृहस्थ सज्जन होते. त्यांनी ती चित्रे जवळ घेऊन पाहिली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही परीक्षा विसरून बळद किती खोल असते यावर बोलत बसलो.

यंत्राचीही एक गंमत सांगतो. अलीकडे कृत्रिम बुद्धीची यंत्रे आली आहेत. एक वाक्य सांगा, चित्र हजर. मुलीने सहज म्हणून एकदा यंत्राला सांगितले, मराठवाड्यातले जुने गाव काढ. यंत्राने क्षणात काढून दिले. लाल कौलांची उतरती घरे, दारात माड, मागे हिरवा डोंगर! आजीला दाखवले तर आजी म्हणाली, "हे कुणाचं गाव?" यंत्राचा दोष नाही. जे त्याला कोणी दाखवलेच नाही ते त्याने कुठून काढावे? माळवद त्याला माहीत नाही, कारण माळवदाची चित्रे आपण काढून ठेवली नाहीत.

म्हणून मला वाटते, ही विद्या पुण्या-मुंबईतच राहू नये. धाराशिवला २००४ पासून विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तिथे या कामासाठी चार संगणक, एक चांगला ध्वनिमुद्रक आणि भरपूर कागद एवढी एक खोली मिळाली तरी पुष्कळ होईल. काढायला विषय कमी नाहीत. तेरला संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्ही दाबून जोडलेल्या, आतून पोकळ. आज संगणकावर मुले पुढून-मागून आकार जोडतात तो विचार गोरोबाकाकांच्या गावात केव्हाचा झालेला आहे. नळदुर्गच्या बंधाऱ्यावरून नर-मादीचे पाणी पडते. पाणी काढणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत अवघड धडा, आणि तो गिरवायला इतकी चांगली जागा मी दुसरी पाहिलेली नाही. हे पाहायला परगावची मुले इथे यावीत. इथल्या मुलांनी चेंडू उसळवायला तिकडे जायचे, एवढेच सध्या चालले आहे.

आणखी एक अडचण आहे, ती लपवून उपयोग नाही. बारावीनंतर या शिक्षणासाठी आयआयटीची जी सामाईक प्रवेशपरीक्षा असते ती इंग्रजीतून. चित्र उत्तम काढणारे पोर प्रश्न वाचताना अडते. गिरणीवाल्यांच्या मुलीचे तेच होणार होते. मी तिला म्हटले, इंग्रजीचे बघू, रोज दोन पाने वाच; पण तोवर एक काम कर. आईला भाकरी थापताना बघ आणि बारा चित्रे काढून मला पाठव. एक सेकंदाची भाकरी.

मला वाटले होते, पोर विसरेल. जूनमध्ये वडिलांच्या फोनवरून बारा चित्रे आली. गिरणीच्या हिशेबाच्या वहीत काढलेली. मागून आकडे दिसत होते. हात चांगला होता, पण भाकरी फिरत नव्हती. मी कळवले की आठव्या चित्रात मनगट पुढे गेले आहे नि भाकरी मागेच राहिली आहे. आठ दिवसांनी पुन्हा बारा आली. मग पुन्हा. चौथ्या खेपेला चित्रांबरोबर वडिलांचा आवाज होता. म्हणाले, "सर, हिनं आईला रोज धा-धा भाकरी थापायला लावल्यात. घरात खाणारे चौघं. पण आता मलाबी कळलं, बोटं आधी फिरतेत, मग भाकर."

परीक्षा जानेवारीत आहे.